उमाट्यांच्या घरची पायाळू

त्या सकाळी अंकिता उमाटेला शटरच्या कुलपात किल्ली काही नीट घालता येईना. सारखं मागं वळून पाहणं चाललं होतं. समुद्रपूरच्या बसस्टँडसमोरच्या तिच्या एका खोलीच्या दवाखान्यापुढं माणसं बसली होती. चांगली रांग लावून बसली होती. नंबराला चपला ठेवून कुणी चहाला गेलं होतं, लुगड्यावर स्वेटर चढवलेल्या दोन म्हाताऱ्या पायरीवर ऊन खात होत्या, आणि एका पैलवानी अंगाच्या माणसाला त्याची बायको भिंतीला टेकवून उभं करत होती. अंकिताला आधी वाटलं, शेजारच्या दुकानात रेशन आलं असेल. पण रेशनवाल्यानंच तिला पाहून हात हलवला आणि ओरडला, "मॅडम, उघडा लवकर! तुमच्या लोकायनं माह्यावाली जागा अडवून ठेवली!"

तुमचे लोक! त्या दोन शब्दांनी अंकिताला इतकं भरून आलं की तिनं रेशनवाल्याला सकाळी सकाळी 'थँक्यू' म्हटलं. तो बिचारा चक्रावला. समुद्रपुरात रेशनवाल्याला थँक्यू म्हणायची रीत नाही.

तिच्या आनंदाचं कारण आदल्या उन्हाळ्यात होतं. पुंडलिकराव आणि कुंताबाई उमाट्यांचं वावर गावाला लागूनच. वांगी, कोबी, मेथी, सांबार (म्हणजे तुमची कोथिंबीर) असा त्यांचा भाजीपाला. थोरला पीयूष वावरात रमला, धाकटी अंकिता पुस्तकात. बारावीनंतर तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती थेट मलेशियाला जाऊन कायरोप्रॅक्टिक शिकून आली. पाठीचा कणा, मान, कंबर हातांनी तपासायची आणि जिथं अडलंय तिथं हातांनीच मोकळं करायचं, अशी ती विद्या. गोळी नाही, सुई नाही, सलाईन नाही. आता ज्या तालुक्यात सलाईन लागल्याशिवाय बरं झाल्याचं समाधानच मिळत नाही, तिथं ही विद्या घेऊन दुकान मांडणं म्हणजे धाडसच. वर पोरगी इतकी सरळ, की पाटीवर नावाआधी 'डॉ.' लावायला तयार नाही. "मी काही एमबीबीएस नाही, उगाच लोकांचा गैरसमज नको," म्हणाली. मग पाटीवर नुसतं 'अंकिता उमाटे' आणि खाली 'कायरोप्रॅक्टर'. गैरसमज टळला. समजही टळला.

पिकतं तिथं विकत नाही, हे भाजीवाल्याच्या पोरीला कुणी सांगायला नको होतं. उन्हाळाभर ती पंख्याखाली बसून राहिली. एक कॉलेजचा पोरगा आला, त्याला मान कटकन वाजवून घ्यायची होती. दुखत काहीच नव्हतं, फक्त मित्राला व्हिडिओ काढायचा होता. एक काका बैल घेऊन आले. "हाडायचं पाह्यता न तुमी? मंग याच्या पायाचं पाहा." अंकितानं त्यांना जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता दाखवला. बैलही तिच्याइतकाच संकोचला होता.

पावसाळा सरता सरता पुण्याच्या एका मोठ्या क्लिनिकचा फोन आला. खेळाडू येतात, कॉम्प्युटरवाले येतात, आमच्याकडं या. अंकितानं संक्रांतीपर्यंत मुदत मागून घेतली आणि मनाशी पैज लावली. संक्रांतीपर्यंत या गावानं मला माझ्या कामानं ओळखलं, तर मी इथंच राहणार. नाही ओळखलं, तर बॅग भरायची, मागं वळून पाहायचं नाही. मलेशियातल्या तिच्या सरांचं एक बोलणं तिच्या डोक्यात घर करून होतं. आपण कोण आहोत हे आपण ठासून सांगितलं नाही, तर ते लोक ठरवतात, आणि मग आपण तेच होऊन बसतो.

आणि दिवाळी झाली, अन् शटरपुढं ही रांग लागली!

अंकिता नुसती उडत होती. सकाळी डबा घेऊन यायची तो संध्याकाळी तसाच परत न्यायची. ट्रॅक्टर चालवून कंबर गेलेले, कापूस वेचून मान धरलेल्या, बसच्या धक्क्यांनी पाठ मोडलेले कंडक्टर, खाली मान घालून मोबाइल बघणाऱ्या पोरी, सगळे येत होते. आणि त्यांना बरं वाटत होतं! खरंच वाटत होतं, ते तिच्या हाताला कळत होतं. तिनं सरांना फोन केला तेव्हा ती इतकी भरभर बोलली की सरांनी तिला दोनदा पाणी प्यायला लावलं. मग सरही उत्साहात आले. नवा पेशा, नवं गाव. ती माणसं तुला काय समजतात ते विचारून घे, आपण त्यावर रीतसर अभ्यास करू, म्हणाले. अंकिताला तेच हवं होतं. तिची पैज आणि तिचं संशोधन एकाच गाडीत बसलं.

येईल त्याला ती, त्याची परवानगी घेऊन, मोबाइलवर आवाज टिपत विचारू लागली, "मी काय काम करते, तुमच्या मते?"

उत्तरं ऐकून कुणाचंही मनोरंजन झालं असतं. "मालिश." "हाडवैद्याचं शिकून आली तू, पण इंग्लिशमधी." "मोबाइलमधी मान मोडतात न, थे." "फिजिओथेरपी शिकता शिकता राह्यली वाट्टे." एक आजीबाई म्हणाल्या, "इंजेक्शन न देनारी डाक्टरीन," आणि अंकितानं ते उत्तर दिवसभर पुन्हा पुन्हा ऐकलं. तिला वाटत होतं, गाव आता जवळ आलं. आणखी थोडं, की कुणीतरी बरोबर सांगेल.

फक्त एक भानगड होती. बरं वाटून निघालेलं माणूस दाराशी जायचं आणि मटकन खाली बसायचं. तेही कुठं? अंकिताच्या पायाशी. तिच्याकडं पाठ करून, अगदी पायांना टेकून. क्षणभर बसायचं, समाधानाचा सुस्कारा टाकायचं आणि उठून चालू लागायचं. एक झालं, दोन झाली, मग जो तो. उपचारानंतर चक्कर येते की काय? तिनं रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं. आडवं असताना मोजला, बसून मोजला, उभं करून मोजला. सगळ्यांचा उत्तम. मग तिला वाटलं, फरशी निसरडी असेल, म्हणून तिनं दाराशी सतरंजी टाकली. लोक आता सतरंजीवर आणखी आरामात बसू लागले. सरांना सांगितलं तर सर खुर्चीत सरसावून बसले. असं याआधी कुठंच नोंदलेलं नाही, म्हणाले. त्यांनी आणखी दोन प्राध्यापकांना विचारलं. समुद्रपूरची माणसं खाली का बसतात, यावर मलेशियात तीन विद्वान डोकं खाजवत होते.

दुसरी एक बारीक गोष्टही होती. येणारा दर माणूस म्हणे, "मॅडम, चपला काढता का?" अंकिता खूश झाली. दवाखान्यात स्वच्छता हवी हे लोकांना कळतं, किती छान! भर थंडीत ती गार फरशीवर अनवाणी काम करू लागली.

आता शहाण्याला इतकं पुरे होतं. पण चार वर्षं परदेशात राहिलेल्या शहाण्याला पुरेना.

गुपित फोडलं ते आनंदाबाईंनी. आनंदाबाई बाजारात मिरच्या आणि सांबार विकायच्या. साठीच्या, आवाज असा की बाजाराच्या या टोकाला भाव सांगितला तर त्या टोकाचं गिऱ्हाईक वळायचं. आयुष्यभर पाटीमागं वाकून बसल्यानं कंबर आखडलेली. अंकितानं त्यांना तपासलं, मोकळं केलं, गुडघ्यातून वाकायचं आणि पाठ ताठ ठेवायची कशी ते करून दाखवलं. आनंदाबाईंचं लक्ष तिच्या पायांकडं होतं. मग त्या दाराशी गेल्या, सतरंजीकडं पाहिलं, उसासा टाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बाई, माह्याच्यानं काई खाली बसनं होत नाई. तूच उचल पाय अन् लाव माह्या कमरेले."

"काय लावू, मावशी?"

"पाय! पाय लाव."

"पाय कशाला?"

"घ्या! पायाळू हायेस न तू? मंग पाय नाई लावत त काय लावतं?"

बाकावर बसलेल्या सगळ्यांनी खाली पाहिलं, आपापल्या पायांकडं नव्हे, अंकिताच्या.

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेलं माणूस. अशा माणसाचा पाय दुखऱ्या पाठीला लागला की भरलेली चमक निघून जाते, ही आपल्याकडची जुनी समजूत. अंकितानं ती लहानपणापासून ऐकली होती. फक्त ती स्वतःबद्दल असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

एका क्षणात सगळं उलगडलं. सतरंजी, चपला, मटकन बसणं, सगळं! तिच्यातल्या संशोधक बाईला इतका आनंद झाला की ती खदखदून हसली. रक्तदाब! आपण रक्तदाब मोजत बसलो! आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले, कारण दुसरीही गोष्ट त्याच क्षणी कळली होती. हे लोक तिचे नव्हते. ते तिच्या पायाचे होते. हातांचं काम संपेपर्यंत ते बिचारे सोसत होते.

"हे तुम्हाला कोणी सांगतलं, मावशी?" तिनं विचारलं.

"आता पाहा! तुह्या मायनं. दिवाळीच्या बाजारात. माह्या बाजूलेच बसते न थे."

अंकितानं शटर ओढलं आणि तडक वावर गाठलं. कुंताबाई बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. पलीकडं पीयूष, पायात नेहमीचे गमबूट, कोबीला पाणी देत होता. उन्हाळा असो की पावसाळा, याच्या पायातले बूट कुणी निघालेले पाहिले नव्हते.

"आई, मी पायाळू आहो का?"

कुंताबाईंच्या हातातली जुडी सुटली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्यांचं तोंडच सांगून गेलं.

"नाई," त्या म्हणाल्या. "तू डोक्याकडूनच झाली. सुखानं झाली."

"मंग गावभर सांगत काऊन फिरली?"

कुंताबाईंनी हळूच पीयूषकडं पाहिलं, आणि पाणी देणाऱ्या पीयूषचा हात थांबला.

पायाळू पीयूष होता. कुंताबाईंच्या माहेरी, हिंगणीला, मामाच्या घरी झालेला, त्यामुळं समुद्रपुरात कुणाला पत्ता नाही. कुंताबाईंनी तो लागू दिला नव्हता. पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून पावसाळ्यात त्या पोराला दारात उभं राहू द्यायच्या नाहीत. लोक उठता बसता कमरेला पाय लावायला नेतील, गुप्तधन शोधायला नेतील, म्हणून तोंड शिवून बसल्या होत्या. पीयूषनंही ते मनावर घेतलं होतं. त्याच्या बुटांचं कारण अंकिताला आज कळलं.

"त्याचं लपवलं अन् माह्यावालं खोटं सांगतलं?" अंकिता चिडून म्हणाली. "काऊन पण?"

"तू पुण्याले चालली होती न." कुंताबाईंनी पदर तोंडाला लावला. "इतके महिने रिकामी बसून राह्यलती. रोज तुहं तोंड पाहून माह्या जिवाचं पानी व्हाचं. म्या म्हटलं, लोक एकदा आत त येऊ दे. मंग तुह्या हाताचं त्यायले कळनच. त्यात काय पाप केलं म्या?"

अंकिताला आईचा राग आला होता आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. ती दोन्हीपैकी काहीच न करता जुड्या बांधायला बसली. दोन जुड्या बांधून झाल्यावर म्हणाली, "उद्या मी सगळ्यायले खरं सांगणार."

"लोक येनार नाई मंग."

"नको येऊ दे. संक्रांतीपर्यंतची पैज आहे माही. खोटं बोलून जिंकली त काय जिंकली?"

पीयूष फक्त एवढंच बोलला, "माह्यं नाव नको घेजो, अंकी."

"नाई घेणार, दादा. कधीच नाई."

दुसऱ्या सकाळी अंकिता पायरीवर उभी राहिली आणि रांगेला स्वच्छ सांगितलं. मी पायाळू नाही. माझा जन्म तुमच्यासारखाच झाला. तुम्हाला जे बरं वाटलं ते या हातांनी, चार वर्षांच्या शिक्षणानं. बोलताना तिचा आवाज चढला होता, गाल तापले होते. खरं बोलण्याची एक धुंदी असते, ती तिला चढली होती. तिला वाटलं, आता टाळ्या पडतील.

टाळ्या कसल्या! दोन म्हाताऱ्या एकमेकींकडं पाहून पुटपुटल्या, "मोठी झाली आता. पाय लावाची लाज वाटते." पैलवानाची बायको नवऱ्याला सावकाश भिंतीपासून सोडवून घेऊन गेली. आनंदाबाईंनी तर सरळ विचारलं, "मंग तुही माय खोटं बोलली का?" त्यावर अंकिता आईला खोटं पाडू शकली नाही, गप्प राहिली. गावानं त्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला.

आठवडाभरात रांग गेली. रेशनवाल्याला त्याची जागा परत मिळाली आणि त्याचंही तोंड उतरलं. सर फोनवर म्हणत होते, संशोधन तर आता रंगात आलंय! अंकिता म्हणाली, हो सर, खूप रंगात आलंय, रंग बघायला मी एकटीच आहे. पुण्याहून आठवणीचा फोन येऊन गेला. तिनं माळ्यावरची बॅग काढून झटकून ठेवली.

मग भोगीचा बाजार आला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरोघरी भोगीची भाजी असते. वांगी, घेवडा, गाजर, वाल, जे येईल ते हातोहात खपतं. म्हणून आदल्या बाजारासाठी उमाट्यांच्या वावरात पहाटेपासून धावपळ. पीयूष वांग्यांचं कॅरेट उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. ना खाली जाता येईना, ना वर. दिवाळीपासून त्याची कंबर कुरकुरत होती, पण बहीण कंबर कटकन मोडेल या भीतीनं पठ्ठ्या तिच्या दवाखान्याच्या वाटेला गेला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

कुंताबाई घाबरून रस्त्याकडं धावल्या. "अवं, कोनी पायाळू हाय का जवळपास? माह्या पोराची कंबर धरली!" ओरडून झाल्यावर त्यांना आठवलं, की गावातला पायाळू मागं वावरात काटकोनात उभा आहे.

"माय," पीयूष दातओठ खात म्हणाला, "मले अंकीकडं ने."

भाजी भरलेला छोटा हत्ती टेम्पो तयारच होता. पुंडलिकरावांनी आणि ड्रायव्हरनं पीयूषला उचलून मेथीच्या जुड्यांवर, कोबीच्या शेजारी निजवलं, आणि गाडी भर बाजारातून हॉर्न वाजवत निघाली. उमाट्यांचा पोरगा भाजीत झोपून चाललाय हे पाहिल्यावर बाजार कसला जागेवर राहतो? आनंदाबाईंनी मिरच्यांवर पोतं टाकलं आणि त्या निघाल्या. त्यांच्या मागं दहा जण निघाले, त्यांच्या मागं बाकीचे. गाडी बसस्टँडला पोचली तेव्हा दवाखान्याच्या दारात आणि खिडकीत डोकीच डोकी होती.

अंकितानं भावाला पाहिलं आणि आधी टेबल मोकळं केलं. तिनं त्याला टेबलावर पालथं निजवून घेतलं आणि एकेक विचारू लागली. पायांत मुंग्या येतात? पाऊल वर उचल, आता दाब. लघवीला त्रास?

"अंकी, सगळ्यायसमोर काय इचारतेस!"

"सांग लवकर, दादा."

"नाई व त्रास!"

तिनं सुटकेचा श्वास टाकला. काही वेगळं दिसलं असतं तर तिनं हात न लावता सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं. आता ती कंबर चाचपू लागली, आणि नेमकं तेव्हाच दारातून कुणी ओरडलं, "अवं, पाय लाव न त्याले! सख्खा भाऊ हाय तुहा!"

"भावालेई नाई लावत, पाहा," दुसरं कुणी म्हणालं.

पालथं झोपायच्या त्या टेबलाला तोंड ठेवायला एक भोक असतं. त्या भोकातून, टेबलाच्या खालून, आवाज आला.

"पायाळू म्या हावो!"

लोक टेबलाखाली वाकून पाहू लागले.

"म्या हावो पायाळू!" पीयूष खालच्या फरशीला उद्देशून गरजला. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं ते, मोठ्यानंच बाहेर पडायचं होतं. "हिंगणीले मामाच्या घरी झालो, पायाकडून. मायले इचारा. अंकी खरं बोलून राह्यलती, तुमी आयकलं नाई. आता मले सांगा, पायात इतकाच गुन असता त पायाळूची सोताची कंबर काऊन धरली असती? म्या इच्या पायासाठी नाई आलो. इच्या हातासाठी आलो. आता गप राहा अन् इले काम करू द्या!"

सगळ्यांच्या माना कुंताबाईंकडं वळल्या. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, रडत होत्या आणि मान हलवत होत्या. "खरं हाय. म्याच खोटं बोलली. पोरगी जाऊ नये म्हून बोलली."

अंकिताला भावाच्या पाठीवर डोकं टेकावंसं वाटलं. त्याऐवजी तिनं त्याला अलगद कुशीवर वळवलं. बाजार श्वास रोखून कटकन आवाजाची वाट पाहत होता. आवाज काही आला नाही. तिनं एक गुडघा वर घेतला, खांदा धरला, त्याला श्वास सोडायला सांगितलं आणि हातानं हळूच, पण नेमकं, ढकललं. मग पुन्हा. मग कमरेशेजारचा दगडासारखा झालेला स्नायू ती सावकाश सैल करत राहिली. बराच वेळ. कुणी जागचं हललं नाही.

पीयूष उठून उभा राहिला. अगदी सरळ नाही, थोडा कललेला, पण आपल्या पायांवर. "एकदम बरा नाही झालास," अंकितानं बजावलं. "या आठवड्यात कॅरेटला हात लावायचा नाही. परवा परत यायचं."

"येतो न," पीयूष म्हणाला. "माह्यं मोडलं त काहीच नाई व अंकी. म्या उगाच भेत होतो."

आता खरी कसोटी होती. दारातली निम्मी माणसं पीयूषच्या बुटांकडं पाहत होती. अंकितानं ते पाहिलं. झालं, आता रांग याच्या मागं जाणार. पीयूषनंही पाहिलं आणि कलता कलताच बुटांच्या आत पायांची बोटं आवळून घेतली.

"सरका व!" गर्दीतून आनंदाबाई आत आल्या आणि तडक टेबलावर जाऊन आडव्या झाल्या. "माह्या मिरच्या उघड्यावर पडल्या. लवकर कर, बाई."

अंकितानं केलं. कंबर मागच्या वेळेपेक्षा हलकी लागत होती, म्हणजे सांगितलेला व्यायाम त्यांनी घरी केला होता! तिचे हात आनंदानं चालू लागले. काम झालं, आनंदाबाई उतरल्या, दाराकडं निघाल्या. सतरंजीपाशी पोचल्या आणि थांबल्या. त्यांच्या हातातून चुन्याची डबी सुटली आणि गडगडत अंकिताच्या अनवाणी पायाशी येऊन थांबली.

अंकिताला वाटलं, बसणार. आता पाठ करून बसणार.

आनंदाबाईंनी दोन पाय थोडे फाकवले, गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली, डबी उचलली आणि तशाच सरळ वर आल्या. पायाला बोट लागलं नाही. मग त्यांनी डबी कमरेला खोचली आणि पूर्ण बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तू सांगतलं तशीच वाकली न मी?"

"हो, मावशी," अंकिता म्हणाली. "अगदी तश्शीच."

तिनं आईकडं पाहिलं. "आई, घरी गेल्यावर ती बॅग माळ्यावर टाकून दे."

कुंताबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि घरी जाईपर्यंत थांबल्या नाहीत. तिथूनच पुंडलिकरावांना सांगू लागल्या, बॅग मागच्या कोपऱ्यात टाका, लवकर हाताशी येऊ नये. दारातून पैलवान वाट काढत आत आला. बायको मागं होतीच. त्यानं टेबलाकडं पाहिलं, सतरंजीकडं पाहिलं, मग अंकिताच्या पायांकडं.

"मॅडम," तो म्हणाला, "चपला घाला न पह्यले. फरशी गार लागत असन."